अश्रूंच्या आड गेलेले कर्ज

मराठी मुलाला शाळेत जी मोजकी पुस्तके ‘थोर’ म्हणून सांगितली जातात, त्यांत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे स्थान अढळ आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला गेला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. पुस्तकाचे उतारे क्रमिक पुस्तकांतून येत राहिले आणि तीन-चार पिढ्यांनी ते डोळे पुसत वाचले. परंतु एखादे पुस्तक एकदा अढळपदी जाऊन बसले की त्याला प्रश्न विचारणे थांबते. देवघरातल्या मूर्तीला आपण फुले वाहतो, तिच्याशी वाद घालत नाही. ‘श्यामची आई’चे नेमके असेच झाले आहे. आमची तक्रार पुस्तकाविषयी नाही. ते वर्गात ज्या रीतीने शिकवले जाते, त्या रीतीविषयी आहे.

ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पुस्तकातला एखादा गोड प्रसंग निवडायचा. ओले पाय मळू नयेत म्हणून आईने आपले लुगडे दगडावर पसरल्याचा किंवा पोहायला भिणाऱ्या श्यामला तिने घराबाहेर काढल्याचा. त्याचे शब्दार्थ फळ्यावर लिहायचे, ‘कोण कोणास म्हणाले’ विचारायचे आणि शेवटी ‘श्यामच्या आईचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न घालायचा. त्याचे उत्तर गाइडात तयारच असते : आई प्रेमळ होती, कष्टाळू होती, स्वाभिमानी होती, संस्कार करणारी होती. चार विशेषणे, चार गुण. पुढल्या वर्षी दुसऱ्या लेखकाची दुसरी माता आली तरी विशेषणे तीच, गुणही तेच. ज्या अभ्यासात पुस्तक बदलले तरी उत्तर बदलत नाही, त्याला अभ्यास म्हणावे काय?

आता मूळ पुस्तक पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत सलग वाचा. पालगडच्या एका खोत घराण्याची ती घसरणीची कहाणी आहे. आजोबांच्या वेळचे वैभव वडिलांच्या वेळी ओसरते. भाऊबंदकी माजते, नांदत्या घरातून बाहेर पडून झोपडीत संसार मांडावा लागतो. कर्ज वाढते, व्याज त्याहून वाढते. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस दारात बसून अपमानाचे शब्द बोलतो आणि एरवी सोशिक असलेली ती माउली संतापाने उसळते. घरात एक जिन्नस आहे तर दुसरा नाही, अशी अवस्था होते. अखेर जप्तीची दवंडी गावातून फिरते आणि ज्या अब्रूसाठी आयुष्यभर जपले, तिचेच धिंडवडे निघतात. आई आजारी पडते, तीही या काळजीनेच पोखरलेली. कर्जाला जिवंतपणीच्या नरकाची उपमा देणारे एक स्वतंत्र प्रकरण गुरुजींनी या पुस्तकात घातले आहे. मातृप्रेम हा या पुस्तकाचा प्राण खराच, पण ते प्रेम ज्या देहात राहते त्या देहाला कर्जाने ग्रासलेले आहे. वर्गात आपण प्राणाची आरती ओवाळतो आणि देहाला काय झाले होते हे विचारतच नाही. अश्रू शिकवले जातात. अश्रूंचे कारण मात्र शिकवले जात नाही.

हे साऱ्या महाराष्ट्रालाच लागू आहे. तरीही साजगावचे नाव घेऊन ते मांडावेसे वाटते, त्याला कारण आहे. खालापूर तालुक्यातले, खोपोलीला खेटून असलेले हे गाव ‘धाकटी पंढरी’ म्हणून कोकणात आणि घाटावरही ओळखले जाते. कार्तिकात येथे विठोबाची मोठी यात्रा भरते, आणि लोकांनी या देवाला मोठ्या जिव्हाळ्याने ‘बोंबल्या विठोबा’ असे नाव दिले आहे. कोणी या नावाचा संबंध यात्रेतल्या सुक्या मासळीच्या बाजाराशी लावतात. कोणी तुकोबांच्या कथेशी लावतात. ती कथा अशी की, तुकोबा मिरची विकायला कोकणात उतरले, लोकांनी माल उधार नेला आणि पैसे बुडवले, तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंगाने गावोगाव फिरून, बोंब ठोकून भक्ताची उधारी वसूल केली. कथेच्या ऐतिहासिक सत्यासत्याशी येथे कर्तव्य नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, या गावाच्या दैवताची कथासुद्धा देण्याघेण्याची, उधारीची कथा आहे. आणि तिच्यापलीकडे तुकोबांच्याच चरित्रातली दुसरी आख्यायिका उभी आहे : वडिलार्जित सावकारीच्या कागदांतला आपल्या वाट्याचा हिस्सा त्यांनी इंद्रायणीत बुडवला. एका कथेत देव वसुलीला निघतो, दुसऱ्या कथेत भक्त वसुलीच सोडून देतो. अशा गावच्या परिसरातल्या वर्गात ‘श्यामची आई’ उघडले जाईल, तेव्हा कर्जाविषयी बोलायला याहून चांगली पूर्वपीठिका कोठे मिळणार?

पण या परिसरात कर्ज ही केवळ दंतकथा नाही. घाटाच्या पायथ्याचा हा पट्टा उद्योगाचा म्हणून ओळखला जातो. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले आणि येथल्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. पुढे कारखाने आले, द्रुतगती महामार्ग आला, जमिनींना सोन्याचे भाव आले. मात्र याच कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलावर सरकारचा ताबा आला, काताचा धंदा गेला आणि हाती फक्त अंगमेहनत उरली. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींची नोंद शासनाने सर्वांत दुर्बल आदिवासी समूह म्हणून केली, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. पुष्कळ वाड्यांत पायाखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर असते. पावसाळ्यात काम नसते. घरात धान्य नसते तेव्हा वीटभट्टीच्या वा कोळशाच्या भट्टीच्या मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी सरली की भांडीकुंडी, पोरेबाळे घेऊन ती फेडायला निघायचे, हा अनेक कुटुंबांचा पिढीजात क्रम झाला आहे. हंगाम संपताना हिशोब मालकाच्या वहीत होतो. फेड पुरी झाली नाही तर बाकी पुढल्या वर्षावर चढते. उचल देऊन माणसाचे श्रम बांधून घेणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरला आहे. पण वही लिहिणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा असेल, तेथे कायदा पोचायला फार वेळ लागतो.

साजगावची यात्रा भरते त्याच सुमारास वाड्या रिकाम्या होऊ लागतात आणि शाळेच्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. ज्या वर्गात ‘आईचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न घातला जातो, त्याच वर्गात अशीही मुले असतात, ज्यांची आई त्या घटकेला शंभर कोसांवरच्या भट्टीवर चिखल तुडवत असते. त्यांच्या आईने दगडावर लुगडे पसरले नसेल. तिच्यापाशी पसरायला दुसरे लुगडेच नसेल. अशा मुलाने गाइडातली चार विशेषणे पाठ करून लिहावीत, असे आपण म्हणतो तेव्हा त्याला आपण नकळत एक गोष्ट शिकवतो : पुस्तकातली आई ही खरी आई आणि आपली आई ही पुस्तकात न बसणारी. हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही, पण तो फार खोलवर उतरतो. याच्या उलट, त्या मुलाला कोणी विचारले की, ‘सावकाराचा माणूस दारात आला तेव्हा श्यामच्या आईला काय वाटले असेल?’, तर वर्गातल्या हुशार गणल्या गेलेल्या मुलांपेक्षा तोच अधिक खरे उत्तर देईल. कारण ते त्याला ठाऊक आहे. पुस्तकाच्या अभ्यासात ज्याचे आयुष्य ज्ञान ठरते, तो विद्यार्थी शाळा सहजी सोडत नाही. साहित्याच्या तासाची एवढी ताकद असते आणि तीच आपण वाया घालवतो.

पुस्तकाचा खरा अभ्यास मात्र येथे थांबू शकत नाही. पुस्तकातली व्यथा ओळखणे ही पहिली पायरी. त्या व्यथेची दुसरी बाजू पाहणे ही पुढची. श्यामचे घर कर्जाने खचले हे खरे, पण ते घर खोताचे होते. कोकणातला खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसूलदार. पिकाचा मोठा वाटा कुळाकडून त्याच्या घरी जाई, शिवाय वेठ वेगळी. गुरुजींनी ज्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले, त्याच १९३३ च्या ऑक्टोबरात, आजच्या रायगड आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी कुळांनी शपथ घेतली की खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. आजूबाजूची गावे त्यात सामील झाली. जमीन पडीक राहिली, माणसांनी जंगलातली लाकडे विकून दिवस काढले. पण १९३९ पर्यंत संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा प्रत्यक्षात यायला १९४९ साल उजाडले. एकीकडे एका खोताघरच्या मुलाने आपल्या आईच्या दैन्याची कथा लिहिली आणि दुसरीकडे कुळांनी आपल्या दैन्याचा जाब विचारला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या, एकाच कोकणाच्या. वर्गात मात्र पहिली मराठीच्या तासाला येते आणि दुसरी इतिहासाच्या तासालाही क्वचितच येते. दोन्ही एकत्र वाचल्या तर मुलांना कळेल की, सावकाराने नागवलेला माणूससुद्धा दुसऱ्या कोणाच्या माथ्यावर उभा असू शकतो. शोषणाची रचना पायऱ्यापायऱ्यांची असते, ही गोष्ट शंभर व्याख्यानांनी कळत नाही, ती एका चांगल्या पुस्तकाच्या चिकित्सक वाचनाने कळते.

आणि विशेष हे की, ही दुसरी बाजू गुरुजींनी लपवलेली नाही. त्यांच्या घरी भात कांडायला येणारी मथुरी या पुस्तकात आहे. ती तापाने आजारी पडते, तेव्हा श्यामची आई तिची आस्थेने विचारपूस करते. आपण वर्गात आईच्या दयेचे कौतुक करतो. ते करावेच, पण त्याचबरोबर मथुरीच्या बाजूनेही दोन प्रश्न विचारावेत. तिला मजुरी किती मिळत असेल? ताप असताना कांडायला यावे, अशी पाळी तिच्यावर का यावी? तिच्या घरी तिचा कोणी श्याम होता काय आणि त्याने तिची कथा का लिहिली नाही? तसाच मोळीवाल्या महार म्हातारीचा प्रसंग. डोक्यावरची मोळी खाली पडलेली, शिवेल कोण म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी आल्यावर आंघोळ कर. त्या काळच्या एका ब्राह्मण घरातल्या बाईचे हे धैर्य थोर होते, यात शंका नाही. पण तिने आंघोळही करायला सांगितली आहे. माणुसकी आणि रूढी एकाच वाक्यात, एकाच तोंडून निघतात. या जागी शिक्षकाने थांबले पाहिजे. ‘आई अस्पृश्यता मानत नव्हती’ हे गाइडातले उत्तर खोटे आहे आणि ‘आई सनातनी होती’ हेही अपुरे आहे. ती दोन काळांच्या मधोमध उभी होती. माणूस असा दोन काळांत उभा असतो, हे समजावून देणे हेच तर कादंबरीचे काम.

गुरुजींनी स्वतः ती आंघोळ मागे टाकली. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले आणि दार उघडले. आईने मोळी उचलायला शिकवली, मुलगा मंदिराच्या दारापर्यंत गेला. आईचा सन्मान त्याने तिचे वाक्य जसेच्या तसे जपून केला नाही. त्या वाक्यातले जे खरे होते ते पुढे नेऊन, जे खोटे होते ते टाकून केला. चिकित्सा म्हणजे अनादर असे ज्यांना वाटते, त्यांनी लेखकाचेच हे आयुष्य पाहावे.

आमच्या म्हणण्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, याची जाणीव आहे. एक बाजू म्हणेल, ‘लहान मुलांपुढे कर्ज, खोती, जात कशाला आणता? संस्कार होऊ द्या, रडू द्या.’ त्यांना आमचे सांगणे असे की, कर्ज आणि जात आम्ही आणलेली नाही. ती पुस्तकात आहे आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरातही आहे. ज्यांच्या घरी ती नाही, त्यांना तर ती कळणे अधिकच आवश्यक आहे. निव्वळ रडून मन मोकळे होते. बदलतेच असे नाही. दुसरी बाजू आपल्यातलीच आहे. तिला हे पुस्तक भाबडे, पांढरपेशे, वरच्या जातीचे वाटते, ते अभ्यासातून काढून टाकावे असे तिचे म्हणणे. त्यांना आम्ही विचारू की, पुस्तक काढून टाकून मुलाच्या हाती काय दिले? प्रश्न विचारण्याची सवय तर दिली नाहीच. ज्या पुस्तकाशी भांडता येते ते पुस्तक वर्गात असलेच पाहिजे. त्याच्या शेजारी अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ ठेवा, विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ ठेवा, म्हणजे मुलांना तुलना करता येईल. पण शेजारी ठेवणे वेगळे आणि जागा रिकामी करणे वेगळे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो सर्वांत वजनदार आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा घ्यायच्या, सरकारी तक्ते भरायचे, यातून चर्चेला वेळ कोठून आणणार? हे खरे आहे आणि म्हणूनच सारा दोष शिक्षकाच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. प्रश्नपत्रिका जे विचारते तेच वर्गात शिकवले जाते. चार विशेषणांना पैकीच्या पैकी गुण मिळत असतील, तर पाचवा विचार करणारा विद्यार्थी नुकसानीतच जाणार. तेव्हा सुधारणेची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून व्हायला हवी.

प्रश्न कसे असावेत? नमुन्यादाखल काही देतो. या घरात आलेले धान्य कोणी पिकवले, कोणी कांडले, कोणी खाल्ले? ही सारी हकीकत श्याम आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो आहे, तर आईने स्वतः सांगितली असती तर कोणत्या गोष्टी वगळल्या असत्या आणि कोणत्या नव्याने आल्या असत्या? वडिलांवर श्याम रागावतो का? नसेल तर का नाही? मोळीवाल्या म्हातारीने घरी जाऊन त्या दिवसाची गोष्ट कशी सांगितली असेल? तुमच्या गावात आज कर्जाला कोणकोणती नावे आहेत : उचल, उसनवारी, हप्ता, गहाण? यांतल्या एकाही प्रश्नाचे तयार उत्तर गाइडात सापडणार नाही. सापडलेच तर पुढल्या वर्षी प्रश्न बदलावा. आणि उत्तर भट्टीवरून परतलेल्या मुलाने आपल्या कातकरी बोलीत दिले, तर त्याचे गुण भाषेपायी कापू नयेत. श्यामच्या आईची भाषा तरी छापील कोठे होती?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या कपाटात पाच-दहा प्रती असाव्यात, उताऱ्याऐवजी पुस्तक पूर्ण वाचले जावे आणि आठवड्यातला एक तास परीक्षेपासून मोकळा असावा. गावातल्या ग्रंथालयांनी आणि युवक मंडळांनी यात्रेच्या दिवसांत एखाद्या संध्याकाळी या पुस्तकाचे जाहीर वाचन ठेवावे. कीर्तनाला बसणारा समाज कथा ऐकायला कधीच कंटाळत नाही आणि कथेवर प्रश्न विचारायलाही तो भीत नाही. जी मुले कुटुंबाबरोबर भट्टीवर जातात त्यांच्यासोबत एक प्रत जावी, म्हणजे परतल्यावर त्यांना चर्चेत बसता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मुले भट्टीवर जाऊच नयेत. त्यासाठी उचलीचा हिशोब सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी तपासला पाहिजे, रोजगार हमीचे काम दिवाळीआधी वाडीजवळच निघाले पाहिजे आणि मुलांच्या राहण्याची सोय गावात झाली पाहिजे. साहित्याचा तास आणि मजुरीचा दर हे दोन वेगळे विषय आहेत, असे ज्याला वाटते त्याने ‘श्यामची आई’ नीट वाचलेले नाही.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी येत्या सत्रात एक प्रयोग करून पाहावा. स्वभावचित्राचा प्रश्न एकदा बाजूला ठेवावा आणि वर्गाला साध्या शब्दांत विचारावे : हे घर कशामुळे बुडाले? मग गप्प राहून ऐकावे. मागच्या बाकावरून जे उत्तर येईल, त्यातच पुढल्या तासाचा पाठ असेल.